कातळाच्या आठवणीचा जमाखर्च

पाऊस नुकताच सरला होता. पुण्याजवळच्या एका गडाच्या माथ्यावर आम्ही दोघं, मी आणि अकरावीत शिकणारी माझी भाची, सॅक टेकवून बसलो होतो. तिने नवंकोरं होकायंत्र आणलं होतं आणि ते कातळावर ठेवून समोरच्या डोंगररांगेची दिशा घेण्याची तिची खटपट चालली होती. थोड्या वेळाने कपाळाला आठ्या पडल्या. "मामा, हे बिघडलंय." मी वाकून पाहिलं. यंत्र आहे तिथून वीतभर सरकवलं की सुई तीस-चाळीस अंश फिरायची, आणखी हातभर सरकवलं की उलट बाजूला जायची. तेच यंत्र उचलून कमरेच्या उंचीवर धरलं, तर सुई शहाण्यासारखी एका जागी थांबली. बिघाड यंत्रात नव्हता. खालचा दगड चुंबक झाला होता, तोही जागोजागी वेगळ्या दिशेचा.

कारण एका वाक्यात सांगता येतं: त्या कातळावर कधीतरी वीज पडली होती. पण त्याने प्रश्न संपत नाही, उलट सुरू होतो. वीज सेकंदाच्या छोट्याशा अंशात येऊन गेली. मग तिची खूण दगडात टिकली कशी? आणि त्याहून जुनी एक आठवण याच दगडात आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून बाहेर पडला. तो थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तेव्हाची दिशा त्यात गोठली. १९५६ साली क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांची मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा आजच्या दिशेशी त्यांचा मेळ लागेना. आज आपल्याकडे सुई उत्तरेला आणि थोडी खाली झुकते. घाटातल्या बहुतेक थरांमधलं चुंबकन मात्र दक्षिणेला आणि खाली झुकलेलं, तेही आजच्यापेक्षा जास्त कोनात. याचा अर्थ दुहेरी होता. एक, त्या वेळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. दोन, हा सगळा मुलूख तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, वीस ते तीस अंशांच्या घरात होता. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत तर ध्रुव पुन्हा पालटल्याची खूणही सापडते.

हे सगळं लक्षात ठेवणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत. बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइटचे, म्हणजे लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या खनिजाचे बारीक कण विखुरलेले असतात. लाव्हा निवताना ऑक्सिडेशन होऊन मोठ्या कणांमध्ये इल्मेनाइटचे पातळ पापुद्रे तयार होतात आणि उरलेल्या भागाचे जवळपास शुद्ध मॅग्नेटाइटचे लहान लहान तुकडे पडतात. खरी आठवण या तुकड्यांकडे. काहींची लांबी-रुंदी शंभर नॅनोमीटरच्या आसपास असते. एका मिलिमीटरच्या लांबीत असे दहा हजार कण ओळीने मावतील.

एवढ्याशा कणाच्या आत चुंबकन कोणत्या दिशेला, कसं वळलेलं असेल, हे ठरवणाऱ्या शास्त्राला मायक्रोमॅग्नेटिक्स म्हणतात. पाया १९३५ मध्ये लांडाऊ आणि लिफ्शिट्झ यांनी घातला. नाव आणि रीतसर मांडणी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फुलर ब्राऊन यांची, त्यांचं त्याच नावाचं पुस्तक १९६३ चं. कल्पना धीट आहे. अणू मोजत बसायचं नाही. कणाच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण आहे असं समजायचं. बाणाची लांबी तापमानाने ठरवून दिलेली, ती बदलायची नाही. बदलायची फक्त दिशा. मग बाणांच्या प्रत्येक मांडणीला किती ऊर्जा लागते याचा हिशोब मांडायचा. या हिशोबात मुख्य खाती चार आहेत आणि चौघांची मागणी वेगवेगळी आहे.

पहिलं खातं विनिमय ऊर्जेचं, म्हणजे एक्स्चेंजचं. लेझीम पथकात मागच्या रांगेतल्या पोराला पुढचा म्होरक्या दिसत नाही. तो फक्त शेजाऱ्याचा हात बघतो. तरी सगळं पथक एकदम वळतं. चुंबकातला अणूही असाच शेजाऱ्याकडे बघून वागतो. त्यामागचं कारण मात्र चुंबकीय नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन शेजारी अणूंना केवळ चुंबकी ओढीवर सोडलं, तर ती ओढ इतकी क्षीण आहे की निरपेक्ष शून्याच्या अंशभर वरच उष्णतेच्या हालचालीने ती मोडून पडेल. लोखंड मात्र ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतं. १९०७ साली पिएर वाइस यांनी यावर तोडगा म्हणून पदार्थाच्या आत एक प्रचंड क्षेत्र असतं असं मानून टाकलं. ते किती प्रचंड? हजार टेस्लाच्या घरातलं. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचं क्षेत्र दीड-तीन टेस्ला असतं, यावरून कल्पना यावी. ते क्षेत्र येतं कुठून हे १९२८ मध्ये हायझेनबर्ग यांनी दाखवलं: इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत अपकर्षण आणि एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत हा पाउलीचा नियम, या दोघांच्या संगनमतातून. मॅग्नेटाइटमध्ये प्रकरण थोडं तिरकं आहे. तिथे अणूंचे दोन गट एकमेकांच्या उलट दिशेला असतात आणि एका गटाचं पारडं जड असल्याने चुंबकन उरतं. काटेकोर बोलायचं तर तो फेरोमॅग्नेटिक नसून फेरिमॅग्नेटिक आहे. पण उरलेलं चुंबकन हाच बाण धरला, की पुढचा हिशोब तोच.

या खात्याची खोच वर्गात आहे. ऊर्जा बाणांच्या वळणाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकशेऐंशी अंशांचं वळण दहापट लांबीत पसरलं, तर दर घनमीटरची ऊर्जा शंभरपट घटते. जागा दहापट लागली तरी एकूण खर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. घाटरस्ता आखणारा इंजिनिअर चढ वाचवण्यासाठी रस्ता लांबवतो, तसंच. विनिमय ऊर्जेला वळण अगदीच चालत नाही असं नाही. तिला घाई चालत नाही.

दुसरं खातं स्फटिकाचं. स्फटिकाच्या जाळीत काही दिशा बाणाला सोयीच्या असतात, काही अडचणीच्या. शास्त्रात याला अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणतात; मला मात्र बैलगाडीची चाकोरी आठवते. चाक एकदा चाकोरीत पडलं की सरळ चालतं, बाहेर काढायला जोर लागतो. मॅग्नेटाइटचा स्फटिक घनाकृती आणि चाकोऱ्या घनाच्या कर्णांच्या दिशेने. कर्ण चार, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे बसायला जागा आठ. चाकोरीची खोली ठरवणारा आकडा घनमीटरमागे साधारण १२ हजार ज्यूल. निओडिमियम, लोह आणि बोरॉनच्या चुंबकात, जो आज स्कूटरच्या मोटरीत आणि इअरफोनमध्ये असतो, हाच आकडा ४९ लाखांच्या आसपास जातो. म्हणून तो इतका हट्टी.

ही दोन खाती समोरासमोर आली की चुंबकाच्या आत एक 'भिंत' उभी राहते. मोठ्या चुंबकात एका भागाचे बाण एकीकडे आणि शेजारच्या भागाचे उलटीकडे असतात. या भागांना डोमेन म्हणतात. मधल्या सीमेवर बाण हळूहळू वळत जातात, हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९३२ मध्ये सांगितलं. विनिमय ऊर्जा म्हणते, भिंत जाड करा, वळण सावकाश घ्या. चाकोरी म्हणते, भिंत पातळ करा, कारण भिंतीतले सगळे बाण चाकोरीबाहेर उभे आहेत. तडजोड होते ती निओडिमियमच्या चुंबकात चार नॅनोमीटरवर आणि मॅग्नेटाइटमध्ये जवळपास शंभर नॅनोमीटरवर. आता आपला कण आठवा. तोच मुळी शंभर नॅनोमीटरचा! दहा बाय दहाच्या खोलीत दहा फूट जाडीची भिंत बांधायला निघाल्यासारखं झालं. पाठ्यपुस्तकातलं डोमेनचं ठरीव चित्र, पट्ट्यापट्ट्यांचं, या कणाला लागूच पडत नाही.

तिसरं खातं सगळ्यांत त्रासदायक आणि माझ्या मते सगळ्यांत रंजक. सगळे बाण एका दिशेला उभे राहिले की कणाच्या एका पृष्ठभागावर उत्तर ध्रुव आणि समोरच्या पृष्ठभागावर दक्षिण ध्रुव उघडे पडतात. उघड्या ध्रुवांमुळे बाहेर क्षेत्र पसरतं, आणि आतही एक क्षेत्र तयार होतं जे नेमकं बाणांच्या विरुद्ध असतं. कणाचं चुंबकत्व स्वतःच स्वतःच्या मुळावर उठतं. म्हणूनच या ऊर्जेला विचुंबकन ऊर्जा म्हणतात. गोल आकाराच्या मॅग्नेटाइट कणात हा खर्च घनमीटरमागे सुमारे ४८ हजार ज्यूल येतो, चाकोरीच्या चौपट. कण सुईसारखा लांबट असेल आणि बाण लांबीच्या दिशेने असतील, तर ध्रुव दोन टोकांच्या इवल्याशा जागेत मावतात आणि खर्च बराच उतरतो. होकायंत्राची सुई लांबट असते त्यात ही सोयही आहे.

हा खर्च टाळायचा उपाय एकच: ध्रुव उघडे पडूच द्यायचे नाहीत. बाणांनी एकमेकांच्या शेपटीला तोंड लावून गोल फेर धरायचा, म्हणजे पृष्ठभागावर कोणीच बाहेर तोंड करून राहत नाही. पण फेर धरायचा तर वळावं लागतं, आणि वळणाचं बिल विनिमय ऊर्जा पाठवते. मग जिंकतं कोण?

ते कणाच्या आकारावर ठरतं, आणि त्याचा हिशोब कागदाच्या कोपऱ्यावर करता येतो. फेर धरला तर वाचणारी विचुंबकन ऊर्जा कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असते. व्यास दुप्पट केला की बचत आठपट. फेर धरण्याचा विनिमय खर्च मात्र व्यासाच्या प्रमाणात वाढतो; व्यास दुप्पट, खर्च साधारण दुप्पट. कारण घनफळ आठपट झालं तरी वळण दुप्पट सावकाश घेता येतं, म्हणून दर घनमीटरचा खर्च चौथाईवर येतो. तेव्हा कण पुरेसा लहान असेल तर बचत क्षुल्लक आणि खर्च भारी: सगळे बाण सरळ उभे राहतात. कण मोठा झाला की पारडं फिरतं. एका मर्यादेखाली गोल कण एकसंध चुंबकितच राहणार, हे ब्राऊन यांनी १९६८ साली गणिताने सिद्ध केलं. मॅग्नेटाइटच्या घनाकृती कणांसाठी ही वेस सत्तर-ऐंशी नॅनोमीटरच्या आसपास येते. वेशीच्या अलीकडे एकसंध अवस्था, फक्त कोपऱ्यांशी बाण फुलाच्या पाकळ्यांसारखे थोडे बाहेर कललेले. पलीकडे भोवरा: कडेचे बाण फेर धरतात आणि मधोमध एक गाभा ताठ उभा राहतो. खरीखुरी डोमेन आणि भिंती त्याच्याही बऱ्याच पुढे, कण मायक्रोमीटरच्या वर गेल्यावर.

चौथं खातं बाहेरच्या क्षेत्राचं. शाळेत आपण चुंबकत्व शिकतो ते बहुधा याच एका खात्याचं असतं: बाहेर क्षेत्र आहे, बाण त्याच्याकडे वळतो. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मोजमापात व्यत्यय येणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं, १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत.) या क्षेत्राचा मॅग्नेटाइटवरचा प्रभाव ऊर्जेत मोजला, तर घनमीटरमागे जेमतेम १९ ज्यूल भरतो. समोर चाकोरीचे १२ हजार आणि विचुंबकनाचे ४८ हजार. या गोंगाटात पृथ्वीचा आवाज ऐकू जावा तरी कसा?

पाचवंही एक खातं आहे, ताणाचं. चुंबकन वळलं की पदार्थ किंचित लांबतो किंवा आखडतो. चौकातल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बव्हंशी त्यातूनच येते. वीज ५० हर्ट्झची, पण पोलाद चक्राच्या दोन्ही अर्ध्यांत तसंच लांबत असल्याने आवाज १०० हर्ट्झचा. टायटॅनियम जास्त असलेल्या खनिजात हे खातं जड होतं; आपल्या मॅग्नेटाइटच्या कणापुरतं ते बाजूला ठेवू.

पृथ्वीचा आवाज पोचतो तो दगड तापलेला असतानाच. मॅग्नेटाइटचं चुंबकत्व ५८० अंशांवर जन्माला येतं. त्या तापमानाच्या जरा खाली बाण अजून आखूड, चाकोऱ्या उथळ आणि उष्णतेचे धक्के जोरदार असतात. एकेक कण क्षणाक्षणाला पालटत असतो. पृथ्वीच्या क्षेत्रामुळे होतं इतकंच, की एका दिशेला असलेल्या कणांची संख्या दुसरीपेक्षा थोडी जास्त राहते. काठावरचं बहुमत म्हणा. दगड निवत जातो, चाकोऱ्या खोल होतात, आणि एका टप्प्यावर पालटणं थांबतं. जे काठावरचं बहुमत त्या घडीला होतं, तेच कायम होतं.

हा टप्पा किती अचानक येतो ते लुई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडलं. त्यांचं सूत्र घातांकी आहे. कणाला पालटायला लागणारी ऊर्जा उष्णतेच्या धक्क्याच्या पंचवीसपट असेल, तर तो साधारण मिनिटभरात पालटतो. त्याच खनिजाच्या दुप्पट व्यासाच्या कणात घनफळ आठपट, म्हणून अडथळाही आठपट, म्हणजे दोनशेपट. आता पालटायला लागणारा काळ विश्वाच्या वयापुढेही मोजता येणार नाही इतका दूर जातो. फरक फक्त व्यास दुप्पट होण्याचा. दगडाला आठवण आहे की नाही, हा प्रश्न खनिजाच्या नावावरून सुटत नाही तो यामुळे. तेच मॅग्नेटाइट एका मापात विसराळू आणि जरा मोठ्या मापात चिवट असतं.

इथे एक गैरसमज सहज होतो, माझाही बरीच वर्षं होता. सगळी खाती मिळवून कमीत कमी बेरीज येईल ती मांडणी कण निवडतो, असं आपण म्हणतो. पण कण खरोखरच दर वेळी सर्वांत कमी बेरजेकडे गेला असता, तर त्याला आठवण उरलीच नसती. आजच्या क्षेत्राप्रमाणे तो आज वळला असता. ऊर्जेचा नकाशा सह्याद्रीसारखा आहे. दऱ्या अनेक, आणि एका दरीतून दुसरीत जायचं तर मधली खिंड चढावी लागते. शेजारची दरी थोडी जास्त खोल असली म्हणून कोणी तिकडे घरंगळत नाही. आठवण किती टिकेल हे दरीच्या खोलीइतकंच खिंडीच्या उंचीवर अवलंबून असतं, आणि सगळ्यांत बुटकी खिंड कुठली हे शोधणं हेच या शास्त्रातलं किचकट काम.

ब्राऊन यांच्या काळी समीकरणं होती, पण ती सोडवता येत नव्हती; अगदी साध्या आकारांपुरती काय ती उत्तरं मिळत. अडचण तिसऱ्या खात्याची. विनिमय ऊर्जेसाठी शेजारी पाहिले की भागतं. चाकोरीसाठी तर शेजारीही नको. पण विचुंबकनात कणाचा प्रत्येक भाग दुसऱ्या प्रत्येक भागावर परिणाम करतो. शंभर नॅनोमीटरच्या घनाचे पाच-पाच नॅनोमीटरचे ठोकळे पाडले, तर होतात ८ हजार. (ठोकळा यापेक्षा फार मोठा घेता येत नाही, मॅग्नेटाइटमध्ये नऊ-दहा नॅनोमीटरच्या आत बाण फारसा वळू शकत नाही, ठोकळा त्याहून लहान हवा.) ८ हजार ठोकळ्यांच्या जोड्या ३ कोटी २० लाख, इथवर ठीक. कण एक मायक्रोमीटरचा घेतला की ठोकळे ८० लाख आणि जोड्या ३२ लाख कोटी. आणि हे एकदा नव्हे, मांडणी बदलली की दर वेळी. फूरिए रूपांतराच्या जलद पद्धतीने आणि आधुनिक ग्राफिक्स कार्डांनी हा डोंगर आटोक्यात आणला.

विल्यम्स आणि डनलॉप यांनी १९८९ साली 'नेचर'मध्ये मॅग्नेटाइट कणाचं त्रिमितीतलं गणित प्रसिद्ध केलं, तेव्हापासून दगडांच्या अभ्यासकांनी हा मार्ग धरला. २०१८ पासून त्यांच्यासाठी खास लिहिलेली 'मेरिल' नावाची संगणकप्रणालीही आहे. तिला कणाचा आकार आणि तापमान द्यायचं. ती दऱ्या आणि मधल्या खिंडी शोधून देते. भोवरा असलेले कण आठवणीच्या बाबतीत कच्चे असतात, अशी आधी समजूत होती. भरवशाचे फक्त एकसंध कण. नैसर्गिक दगडात तर भोवऱ्याच्या मापाचेच कण भरपूर, त्यामुळे जुन्या मोजमापांवर एक संशयाची छाया होती. २०१७ साली विल्यम्स यांचा सहभाग असलेल्या गटाने या कणांच्या खिंडी मोजल्या. ऐंशी-नव्वद नॅनोमीटरच्या आसपास एक अरुंद पट्टा खरोखरच डळमळीत निघाला. तिथे भोवऱ्याचा गाभा अवघड दिशेला उभा असतो. त्यापुढे मायक्रोमीटरपर्यंतचे भोवरे मात्र अब्जावधी वर्षं टिकतील असे निघाले. दख्खनचे ६ कोटी ६० लाख त्यापुढे काहीच नाहीत.

आता त्या गडावरच्या विजेचा हिशोब करायला हरकत नाही. विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअर धरला, तर एका मीटरवर क्षेत्र ६ मिलिटेस्ला, पृथ्वीच्या दीडशेपट. दहा सेंटिमीटरवर ६० मिलिटेस्ला. मॅग्नेटाइटच्या कणाला चाकोरीतून थेट उपटायला साधारण ५० लागतात. म्हणजे प्रवाह गेला त्या वाटेच्या वीतभर भोवतीचे कण एका फटक्यात नव्या दरीत जाऊन पडले, हातभर दूरचे थोडे, आणि चार-पाच मीटरवरच्यांची लाव्हाच्या वेळची दिशा जवळपास शाबूत. विजेचं क्षेत्र प्रवाहाच्या भोवती गोल फिरतं, म्हणूनच सुई वीतभर सरकवली की वेगळीच दिशा दाखवत होती.

दगडाचे नमुने घ्यायला येणारे भूशास्त्रज्ञ अशा जागा टाळतात. बाराएक सेंटिमीटर लांबीचे, इंचभर जाडीचे दंडगोल यंत्राने कापून काढण्याआधी त्यांना प्रत्येकाची दिशा आखून घ्यावी लागते, आणि बेसाल्टवर होकायंत्राचा भरवसा नसल्याने ते सौर होकायंत्र वापरतात: सपाट चकतीवर उभी काडी, तिची सावली आणि घड्याळातली वेळ. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने सॅकमधून ट्रेकिंगची काठी काढली, कातळाच्या भेगेत सरळ रोवली आणि सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवला. दुसरा खडा ठेवायला अर्धा तास थांबावं लागणार होतं. तोवर आम्ही डबा उघडला.